बॅरलमधली अंडी आणि प्रयोगशाळेतला नर

जत तालुक्यातील आमच्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे दारोदारी निळी बॅरले भरून ठेवलेली असतात. दर पावसाळ्यात आशाताई बॅटरी घेऊन येतात, पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दाखवतात आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. आई तो पाळतेही. परंतु डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, बॅरलच्या ओलसर भिंतीला अंडी चिकटवते आणि ती सुकली तरी कित्येक महिने तग धरतात. त्यामुळे भिंत घासल्याशिवाय नुसते पाणी ओतून फारसे काही साधत नाही.

जनुकीय उपायांकडे माझे लक्ष गेले ते यामुळेच. नर डास चावत नाही, आणि माळ्यावरच्या टायरपाशी लपलेली जी मादी आपल्याला कधीच सापडत नाही, तिला तो नेमका शोधून काढतो. ऑक्सिटेक या ब्रिटिश कंपनीने नरांमध्ये असे जनुक घातले की त्यांची बहुतेक संतती वयात येण्यापूर्वीच मरते; प्रयोगशाळेत मात्र टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक औषध देऊन ती जगवता येते, म्हणून पैदास चालू राहते. केमन बेटांवर 2010 साली असे सुमारे 33 लाख नर सोडल्यावर प्रयोगाच्या क्षेत्रातील एडिसची संख्या जवळजवळ 80 टक्क्यांनी घटली. मात्र सोडणे थांबले की आसपासचे डास पुन्हा येतात, आणि बॅरले जागची हलणार नसल्याने आमच्याकडे हा खर्च दरवर्षी करावा लागेल.

शिवाय लोकांना विश्वासात घेण्याचा प्रश्न आहेच. सोनिपतमध्ये 1975 साली वंध्य नर सोडण्याची तयारी झालेली असताना, हे अमेरिकेचे जैविक युद्धाचे संशोधन असल्याचा आरोप वृत्तपत्रांतून आणि संसदेत झाला आणि तो प्रयोग रद्द करावा लागला. आमच्या ग्रामसभेत तर धूर फवारणीच्या गाडीवरूनही वाद होतात!

म्हणून मला डासांत वोल्बाकिया हा जिवाणू रुजवण्याची पद्धत अधिक जवळची वाटते. यात डासाचे जनुक बदलत नाहीत. हा जिवाणू मादीकडून पिलांकडे जातो, डासात डेंग्यूचा विषाणू वाढू देत नाही आणि एकदा रुजला की पुन्हा पुन्हा डास सोडावे लागत नाहीत. इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरात या पद्धतीने डेंग्यूचे रुग्ण 77 टक्क्यांनी कमी झाले, आणि पुदुच्चेरीतील आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) संस्थेने भारतीय एडिसमध्ये हा जिवाणू रुजवला आहे. माझी शंका वेगळीच आहे. योग्यकर्त्यात वापरलेला या जिवाणूचा वाण उष्णतेला नाजूक असून अळ्यांचे पाणी दिवसा 37 अंशांपर्यंत तापत राहिले तर तो डासांत फार कमी उरतो, आणि आमची बॅरले एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर उन्हातच उभी असतात.