मुक्काम पोस्ट मंडपम

तमिळमध्ये छावणीला 'मुगाम' म्हणतात. म्हणजे आपला मुक्कामच. वारीतला मुक्काम एका रात्रीचा असतो, सकाळी तंबू उठतात आणि दिंडी पुढे निघते. मी ज्या मुगामात काम करत होते तिथले लोक १९८३-८४ पासून मुक्कामाला होते. दहा बाय दहाच्या खोलीत तिसरी पिढी नांदत होती.

मी वसईची. शाळेतून निवृत्त झाल्यावर तीन वर्षं 'जेझुइट रेफ्युजी सर्व्हिस'मध्ये, म्हणजे सगळे म्हणतात त्या जेआरएसमध्ये, मदुराईच्या बाजूला होते. श्रीलंकेतून आलेल्या तमिळ कुटुंबांच्या मुलांसाठी संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालवायचे, हे मुख्य काम. पण शिक्षिका म्हटली की लोक कागद घेऊन येतातच. शाळेचा दाखला, शिबिराचं कुटुंबकार्ड, बँकेचं पत्र. कागद वाचून दाखवता दाखवता मी हळूहळू कागदांचीच बाई झाले.

तीही अशीच आली. शिबिरातच राहणारी, अभ्यासवर्गात लहान मुलांना शिकवायला मदत करायची, त्यामुळे आमची रोजची ओळख. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मडु मातेचं, म्हणजे श्रीलंकेतल्या मडुच्या मारियामातेचं, चित्र आणि चार कागद. ऑगस्ट २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने रामेश्वरमजवळच्या मंडपमच्या छावणीत १९८६ साली जन्मलेल्या एका बाईला पासपोर्ट द्यायला सांगितलं होतं. कारण साधं होतं. १ जुलै १९८७ च्या आधी जो भारतात जन्मला तो जन्माने भारतीय, मग आईबाप कुठलेही असोत. ही बातमी प्रत्येक शिबिरात पोचली होती.

"टीचर, माझं बघा ना," ती म्हणाली.

शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख होती १ जून १९८८. मी तो कागद नुसता धरून बसले. आपल्याकडे गावोगाव १ जूनला जन्मलेली माणसं किती आहेत, ते मराठी वाचकाला सांगायला नको. शाळा उघडायची, गुरुजी विचारायचे, घरच्यांना सांगता यायचं नाही, गुरुजी लिहून मोकळे. तिच्याही बाबतीत तेच झालेलं दिसत होतं, आणि त्या तारखेमुळे ती कायद्याच्या रेषेच्या अकरा महिने अलीकडे राहिली होती.

"तुझं लग्न कधी झालं?"

"२००३."

"म्हणजे पंधराव्या वर्षी? आणि चर्चमध्ये?"

ती एकदम म्हणाली, "नाही नाही, अठरा पूर्ण होते. आईने शपथेवर सांगितलं फादरना. मी चित्तिरै महिन्यातली. आई मला पोटात घेऊनच तलैमन्नारहून होडीत बसली, १९८४ च्या दिवाळीच्या सुमारास."

कुटुंबकार्डावर वडिलांच्या आगमनाचं साल १९८४ च होतं. म्हणजे आईचं बोलणं खरं असेल तर हिचा जन्म एप्रिल-मे १९८५ चा, आणि तो भारताच्या भूमीवरचा. पण आई वारली होती. शपथ घेणारं कुणी उरलं नव्हतं. लग्नाच्या वेळी बाप्तिस्म्याचा दाखला आणायला मंडपमला कुणी गेलंच नव्हतं. बाप्तिस्मा तिथेच झाला, एवढं मात्र तिला पक्कं ठाऊक होतं.

वसईच्या घरात वाढलेल्या माणसाला धर्मग्रामाच्या नोंदवह्या काय चीज असते ते माहीत असतं. माझ्या आजीच्या जन्माचा सरकारदरबारी पत्ता नव्हता, पण चर्चच्या वहीत ती होती, आईबापांसकट, धर्ममातेसकट, म्हणजे बाप्तिस्म्याला मुलाची जबाबदारी घेणाऱ्या बाईसकट. तिच्या आईबापांकडचे, मन्नारचे, ख्रिस्ती लोकही सेंट झेवियरच्या काळापासूनचे. वही असणार, असं माझं मन सांगत होतं.

फेब्रुवारी २०२३ मधली ती सकाळ. आम्ही बसने गेलो. शिबिराबाहेर रात्र काढायची तर परवानगी लागते, म्हणून संध्याकाळच्या आत परतायचं होतं. रामनाथपुरम सोडलं की हवेला खारट वास येतो. ती खिडकीशी बसून गप्प होती. तीन वर्षांची असताना मंडपम सुटलं ते सुटलंच. या गावाची गंमत नव्हे, व्यथा अशी की इंग्रजांच्या काळात सिलोनच्या मळ्यांवर मजूर पाठवायचे, तेव्हाही त्यांना आधी मंडपमच्याच छावणीत ठेवत. जाणाऱ्यांचीही छावणी तीच आणि परतून आलेल्यांचीही तीच.

चर्चमधल्या फादरनी चहा दिला आणि उपदेसियारांना, म्हणजे धर्मशिक्षण देणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना, कपाट उघडायला सांगितलं. वह्या खाऱ्या हवेने फुगल्या होत्या. पानं एकमेकांना चिकटलेली. उपदेसियार पोस्टकार्ड घालून एकेक पान सोडवायचे.

एप्रिल १९८५ पाहिलं. मे, जून पाहिलं. नाही. १९८६ चा एप्रिल, मे. नाही. तिचं नाव कुठेच नव्हतं. साडेबारा झाले होते आणि ती म्हणाली, "जाऊ दे टीचर. आईची चूक झाली असेल."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि स्वतःचा राग आला. वही बाप्तिस्म्याच्या तारखेने लावलेली असते, जन्माच्या नव्हे. होडीतून आलेली माणसं, अंगावरच्या कपड्यांनिशी. बारशाला नवं झबलं कुठून आणणार? थांबले असतील. आणि शाळेतलं तमिळ नाव वहीत शोधून काय उपयोग, बाप्तिस्म्यात संताचं नाव ठेवतात. "बापाच्या नावाने बघू," मी म्हटलं.

डिसेंबर १९८५. नाताळाच्या आदल्या रविवारी एकदम दहा मुलांचा बाप्तिस्मा. दहाही मुलांच्या पत्त्याच्या रकान्यात एकाच हातचं अक्षर, एकच शाई: निर्वासित छावणी, मंडपम. सातव्या ओळीत तिच्या वडिलांचं नाव. मुलीचं नाव मारिया. जन्म २७ एप्रिल १९८५, जन्मस्थळ मंडपम.

कोण होते ते धर्मगुरू, मला माहीत नाही. सही वाचता आली नाही. पण दहा निर्वासित पोरांची नोंद त्यांनी घाईत उरकली नव्हती. प्रत्येकाची जन्मतारीख विचारली होती, जन्मस्थळ विचारलं होतं, एकेक रकाना भरला होता. एवढ्या निगुतीने त्या मुलांविषयी दुसऱ्या कुणी काही लिहिलं असेल असं मला वाटत नाही.

ती वाकून बघत राहिली. मग बोट धर्ममातेच्या नावावर ठेवलं आणि म्हणाली, "ही आमच्या शेजारची. परत गेली. ही माझी धर्ममाता होती?"

फादर दाखला लिहीत होते तेव्हा मी कागदावर हिशेब मांडला. हे काम मला नेहमी जड जातं. बाप्तिस्म्याची नोंद म्हणजे जन्मदाखला नव्हे. आधी उशिराच्या जन्मनोंदणीसाठी अर्ज, मग पुढची पायरी, कदाचित कोर्ट. पण ही तारीख टिकली तर ती जन्माने भारतीय. मोठी मुलगी सप्टेंबर २००४ ची. ३ डिसेंबर २००४ च्या आधी भारतात जन्मलेल्या मुलाला आईबापांपैकी एक भारतीय असला तरी पुरे. म्हणजे मुलगीही भारतीय. धाकटा २००८ चा. तोवर कायदा बदलला होता. आता एक पालक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा, अशी अट. नवरा १९९० साली दहा वर्षांचा असताना होडीतून आलेला, पासपोर्टाशिवाय. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, त्यामुळे कायद्याच्या भाषेत तो निर्वासित नाही, बेकायदा स्थलांतरित आहे. नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत काही देशांतून आलेल्यांना सूट मिळाली, पण त्यात श्रीलंका नाही.

मी सगळं तिला सांगितलं. लपवून ठेवायचं नाही, हे आमच्या कामात ठरलेलं. १४ नोव्हेंबर १९८० ला जेझुइट संघाचे तेव्हाचे प्रमुख फादर पेद्रो अरुपे यांनी ही संस्था सुरू केली ती व्हिएतनाममधून होड्यांतून निघालेल्या माणसांचे हाल पाहून. सोबत करायची, सेवा करायची, बाजू मांडायची, ही कामाची तीन अंगं. त्यात सोबत पहिली येते. त्या दुपारी माझ्याकडेही तेवढंच होतं देण्यासारखं.

"म्हणजे मी आणि मुलगी इकडच्या, आणि धाकटा नाही?"

"आजच्या कायद्याने नाही. त्याच्यासाठी अर्ज करू, भांडू. पण आपोआप नाही."

"ओम," ती म्हणाली. लंकेकडचे तमिळ लोक 'हो'ला 'ओम' म्हणतात, इकडचे 'आमा'. चाळीस वर्षांत तेवढा शब्द त्यांनी बदललेला नाही. मग म्हणाली, "त्याला आज सांगू नका, टीचर. उद्या गणिताचा पेपर आहे त्याचा. मीच सांगेन."

निघताना तिने फादरना विचारलं, "त्या बाकी नऊ जणांचे दाखले मिळतील?" नियम आडवा आला. ज्याचा दाखला त्याने मागायला यावं लागतं. फादरनी तसं सांगितलं, पण वही लगेच मिटली नाही. समोर उघडीच ठेवून ते पाणी आणायला आत गेले. ती पुन्हा त्या पानावर वाकली.

बसमध्ये बसल्यावर तिने बोटांच्या पेरांवर बापांची नावं मोजायला सुरुवात केली. तीही सगळी १ जुलै १९८७ च्या आधीची मुलं. एकजण तिरुचीच्या बाजूच्या शिबिरात रंगारी आहे, असं ती म्हणाली. शिबिरांतले कितीतरी पुरुष रंगकामावरच जातात, पदवीधरसुद्धा. दोघीजणी आमच्याच जिल्ह्यात. एक मन्नारला परतलेला. मी वही काढून लिहून घेत होते. रामनाथपुरमपर्यंत आठ नावं झाली.

नववं तिला आठवेना. मलाही आठवेना. परमकुडी गेलं तरी ती पेरांवरून अंगठा फिरवत होती, पहिल्यापासून पुन्हा, आणि दर वेळी आठव्याला अडखळून खिडकीबाहेर बघत होती.