फेल्डहाइमची तार, श्योनाऊची तार

पॉट्सडामहून सुटणारी आरबी ३३ ही छोटी गाडी बेलित्झच्या आसपास आली की खिडकीतून दूरवर प्लॅस्टिकच्या लांबच लांब पट्ट्या दिसायला लागतात. त्याखाली मातीचे उंच वरंबे आणि वरंब्यांत पांढरी श्पार्गेल. आपल्या शतावरीच्या कुळातलीच ही भाजी. ऊन लागलं की ती हिरवी होते, म्हणून तिला मातीखाली झाकून वाढवतात. एप्रिलपासून २४ जूनपर्यंत या भागात दुसरा विषय नसतो. रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर श्पार्गेल, हॉटेलांच्या फळ्यांवर श्पार्गेल.

ही भाजी इथे सुरुवातीलाच सांगण्याचं कारण आहे. पवनचक्क्यांच्या विरोधात असलेले जर्मन लोक एक शब्द वापरतात, ‘फेरश्पार्गेलुंग’. म्हणजे साऱ्या मुलखात श्पार्गेलचे दांडे रोवून त्याची कळा घालवणं. बर्लिनला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने, अभिदादाने, गाडीत हा शब्द मला समजावून सांगितला आणि अर्ध्या तासात आम्ही त्रॉएनब्रिट्झनला उतरलो. तिथून पुढे ५५ पवनचक्क्यांचं रान आणि त्याच्या कुशीत जेमतेम १३० वस्तीचं फेल्डहाइम. त्या गावात हा शब्द मला कुणाच्या तोंडून ऐकू आला नाही.

मी मूळची पाटण तालुक्यातली. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या तेव्हा आम्ही शाळेत होतो. रात्री अंगणातून त्यांचे लाल दिवे दिसायचे आणि त्याच वेळी घरात भारनियमन चालू असायचं. पाती आमच्या डोळ्यांसमोर फिरायची, वीज मात्र कुठल्या कुठे निघून जायची. तो प्रश्न माझ्या मनात इतकी वर्षं तसाच होता. म्हणून मे महिन्यात दादाकडे गेले तेव्हा बर्लिनमधली संग्रहालयं बाजूला ठेवली आणि आपली वीज आपल्याच जाळ्यातून घेणारी दोन गावं बघायची ठरवली: पूर्वेचं फेल्डहाइम आणि नैऋत्य टोकाचं श्योनाऊ.

आधी जाण्याचं सांगते. त्रॉएनब्रिट्झन स्टेशनपासून फेल्डहाइम सायकलने अर्ध्या तासाच्या आतबाहेर आहे. बसवर अवलंबून राहू नका. बर्लिनभोवतीच्या ब्रांडेनबुर्ग राज्यातल्या ग्रामीण भागात पुष्कळ बसेस शाळेच्या वेळेला बांधलेल्या असतात. शनिवार-रविवारी त्या जवळजवळ नसतातच. आम्ही सायकली गाडीतून नेल्या. सायकलीचं तिकीट वेगळं काढावं लागतं, ते विसरू नका. रस्ता सपाट आहे, पण वारा समोरून असला की दम निघतो. शेवटी वाऱ्याचंच गाव बघायला निघालेलो असतो. मे महिन्यातसुद्धा वारा अडवणारं जाकीट लागलं.

फेल्डहाइम म्हणजे एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना घरं आणि मागे शेतं. हा भाग फ्लेमिंग या नावाने ओळखला जातो. बाराव्या शतकात फ्लँडर्सकडून, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूने, आलेल्या लोकांनी इथे वस्ती केली, त्यांच्यावरून हे नाव पडलं. पूर्व जर्मनी होती तोवर इथली शेती सामूहिक होती. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि पूर्वेतल्या गावागावांतून तरुण पश्चिमेकडे निघून गेले. फेल्डहाइमने मात्र जमिनीचे तुकडे पाडून वाटणी केली नाही. शेती सहकारी संस्थेच्या नावाने एकत्रच ठेवली. पुढचं सगळं घडलं ते या एका निर्णयामुळे, असं मला वाटतं. जमिनीबद्दल बोलायला आलेल्या माणसाला शंभर दारं ठोठवावी लागली नाहीत. एका टेबलाभोवती बसून बोलता आलं.

तो माणूस म्हणजे मिखाएल राशेमान. १९९५ मध्ये, अगदी तरुण वयात, त्याने इथे पहिल्या पवनचक्क्या उभ्या केल्या. पुढे त्याची ‘एनर्गीक्वेले’ ही कंपनी झाली आणि चक्क्या वाढत गेल्या. तोपर्यंत गोष्ट आमच्या पठारासारखीच होती. चक्क्या गावाच्या शिवारात, वीज राष्ट्रीय जाळ्यात. आजही इथे तयार होणाऱ्या विजेतली ९९ टक्क्यांहून जास्त वीज बाहेरच जाते, कारण १३० माणसं वापरून वापरून किती वापरणार!

गोष्ट वळली ती बायोगॅसमुळे. बटाटा आणि शुगरबीटचे भाव पडले होते, डुकरांच्या गोठ्यांना ऊब द्यायला खर्च फार येत होता. २००८ मध्ये सहकारी संस्थेने बायोगॅसचा प्रकल्प चालू केला. आपल्या गोबरगॅसचंच हे मोठं रूप. टाकीत डुकरांचं आणि गुरांचं मलमूत्र, मक्याचा मुरघास आणि धान्य जातं. गॅसवर इंजिन चालतं, त्यातून वीज होते आणि इंजिन थंड करताना जे पाणी तापतं ते जमिनीखालच्या नळांतून घरोघरी फिरतं. हिवाळ्यात घर तापवायला आणि वर्षभर आंघोळीला तेच. उरलेला चोथा पुन्हा शेतात जातो. कडाक्याच्या थंडीसाठी लाकडाच्या चिपांची भट्टी जोडीला आहे.

गरम पाण्याचे नळ टाकायला रस्ता खणणारच होते, तेव्हा कुणीतरी विचारलं की वीजही आपलीच का घेऊ नये? जुन्या वीजवाहिन्या ज्या कंपनीच्या होत्या तिने त्या विकायलाही नकार दिला आणि भाड्याने द्यायलाही. मग त्याच चरातून गावाची स्वतंत्र केबल टाकली. प्रत्येक घराने जोडणीपोटी ३,००० युरो भरले, बाकीच्या खर्चात सरकारी अनुदानाचा हात होता. २०१० मध्ये दोन्ही जाळी चालू झाली. गरम पाण्याचं जाळं ज्या कंपनीचं आहे, तिचे भागीदार गावातली घरंच आहेत आणि सोबत त्रॉएनब्रिट्झनची नगरपालिका आहे. हे ऐकताना मला आजोबांच्या ट्रंकेतला साखर कारखान्याच्या शेअरचा कागद आठवला. कारखाना ‘आपला’ म्हणायला त्यांना तेवढा एक कागद पुरत होता.

२०२२ मध्ये, युक्रेनच्या युद्धानंतर, जर्मनीभर विजेचे आणि गॅसचे दर भडकले तेव्हा फेल्डहाइमला वीज युनिटला १२ सेंटच्या आसपास मिळत होती. वाटेत भेटलेल्या एका आजींना दादाने विचारलं, चक्क्यांचा आवाज होतो का? त्या म्हणाल्या, ‘होतो ना. वारा नसला की मात्र चुकल्यासारखं वाटतं.’ आणि मग किती तरी वेळ त्या आम्हाला चरांबद्दलच सांगत होत्या. कुणाच्या अंगणातून खणलं, कुणाचं गुलाबाचं झाड हलवावं लागलं. चक्क्यांविषयी त्या दोन वाक्यं बोलल्या आणि चरांविषयी वीस मिनिटं. चक्की कंपनीची आहे, पण तो चर त्यांचा आहे.

गावातल्या जुन्या खानावळीच्या इमारतीत माहिती केंद्र आहे, ‘नोये एनर्गीन फोरुम’. फुकुशिमाच्या अपघातानंतर जपानहून इतके लोक इथे आले की गावकऱ्यांना पाहुण्यांची सवय झाली आहे. तरीही केंद्राकडून होणारी गावाची फेरी आधी ईमेल करूनच ठरवा. इंग्रजीतून हवी असेल तर तसं स्पष्ट लिहा. केंद्र नेहमी उघडं असेल असं धरून जाऊ नका. फेरीत बायोगॅसच्या टाक्या आणि २०१५ मध्ये बसवलेली १० मेगावॉटची बॅटरी दाखवतात. ही बॅटरी गावाला रात्री वीज पुरवण्यासाठी असेल असं मला वाटलं होतं. खरं तर ती मोठ्या जाळ्याची वारंवारिता, म्हणजे ते ५० हर्ट्झचं गणित, सांभाळायला आहे. जाळ्यात वीज जास्त झाली की ती शोषून घेते, कमी पडली की क्षणात सोडते, आणि या कामाचे पैसे मिळतात.

गावात दुकानाच्या भरवशावर राहू नका. पाणी आणि डबा त्रॉएनब्रिट्झनमधूनच घ्या. रविवारी सुपरमार्केट बंद असतात, त्यामुळे शनिवारी संध्याकाळीच सोय करून ठेवा. शाकाहारी असाल तर हा हंगाम सोन्यासारखा आहे: उकडलेली श्पार्गेल, वितळलेलं लोणी आणि नवे बटाटे. फक्त ‘ओने शिंकन’, म्हणजे हॅमशिवाय, असं आवर्जून सांगा. सुट्टे युरो खिशात असू द्यात.

सगळीकडे असंच आहे असा समज करून घेऊ नका. परतताना शेजारच्या भागात पवनचक्क्यांच्या विरोधातले फलक दिसले. ‘फेरश्पार्गेलुंग’चा एक जोडशब्दही आहे, ‘फेरमाइझुंग’. बायोगॅससाठी जिकडेतिकडे मकाच मका लावल्याने शेतांचा एकसुरीपणा वाढला, याची ती तक्रार आहे आणि ती मला खोटी वाटत नाही. जमिनीचं रूप हा तिथल्या माणसांच्या ‘हाइमाट’चा, म्हणजे मायभूमीच्या भावनेचा, गाभा आहे. बव्हेरियाने तर २०१४ मध्ये चक्की घरांपासून तिच्या उंचीच्या दहापट दूर हवी असा नियम केला आणि तिथे नव्या चक्क्या जवळजवळ थांबल्या. ब्रांडेनबुर्गने वेगळा मार्ग धरला. २०१९ च्या कायद्याने नव्या चक्कीमागे वर्षाला १०,००० युरो तीन किलोमीटरच्या आतल्या गावांना द्यायचे असं ठरवलं. पैसे येतात हे बरंच आहे. पण ग्रामपंचायतीच्या खात्यात जमा झालेला पैसा आणि स्वतःच्या अंगणातून गेलेला चर, या दोन्हींचा माणसावर होणारा परिणाम सारखा नसतो.

श्योनाऊला जायला मोठा पल्ला आहे. बर्लिनहून बाझेलला पोचायला दिवसाचा बराच भाग जातो. तिथून एस ६ या लोकल गाडीने झेल आणि पुढे टोड्टनाऊच्या दिशेची बस. झेलपासून पुढे पूर्वी रेल्वे होती, ती १९६७ मध्ये बंद झाली. आता तिच्या मार्गावर सायकलवाट आहे. दोन्ही बाजूंना काळ्या जंगलाचे, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टचे, डोंगर, मधून वीझ नदी. डोंगर बघून मला कोयनेकाठची आठवण झाली, फक्त इथली झाडी सूचिपर्णी.

तिकिटांचं एक गणित ध्यानात घ्या. ‘डॉइचलांडटिकेट’ जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरोंना आहे. ते लोकल, प्रादेशिक गाड्या आणि बस यांना चालतं, लांब पल्ल्याच्या आयसीई गाड्यांना नाही. ते वर्गणीच्या स्वरूपात असतं, म्हणून त्याच महिन्याअखेर थांबवायचं असेल तर १० तारखेच्या आत रद्द करा, नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. काळ्या जंगलात मुक्काम केलात तर बहुतेक गावांत यजमान ‘कोनुस’ कार्ड देतात आणि त्यावर तिथली बस-रेल्वे फुकट असते. आम्ही हे मागितलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या बाईंनी सांगितलं. तुम्ही पोचल्या पोचल्या विचारा.

श्योनाऊची लोकसंख्या अडीच हजारांच्या आत आहे. कागदावर शहर असलं तरी चालीरीतीने गावच. १९८६ च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातानंतर किरणोत्सर्गी पाऊस इथवर आला. मुलांना वाळूत खेळू द्यावं का, दूध द्यावं का, हा प्रश्न घेऊन काही आईवडील एकत्र जमले. त्यांत उर्सुला झ्लाडेक ही पाच मुलांची आई होती आणि तिचा डॉक्टर नवरा मिखाएल. सुरुवात वीज वाचवण्याच्या स्पर्धांपासून झाली. पण जुन्या वीज कंपनीला लोकांनी वीज वाचवण्यात काहीच रस नव्हता, तेव्हा यांनी ठरवलं की गावाचं वीजजाळंच विकत घ्यायचं.

त्यासाठी दोनदा गावात मतदान झालं. १९९१ मध्ये सुमारे ५६ टक्के, १९९६ मध्ये सुमारे ५२ टक्के लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले. आकडे नीट बघा. जवळजवळ निम्मं गाव विरोधात होतं. कंपनीने जाळ्याची किंमत ८७ लाख मार्क सांगितली. मग ‘इश बिन आइन श्ट्योरफाल’ या नावाने देशभर मोहीम झाली. ‘श्ट्योरफाल’ म्हणजे अणुभट्टीतला बिघाड. सामान्य माणसांचे चेहरे आणि खाली ‘मी बिघाड आहे’. अखेर ५७ लाख मार्क मोजून १ जुलै १९९७ ला जाळं गावाच्या हातात आलं. वीजबंडखोर, ‘श्ट्रोमरेबेलन’, हे नाव त्यांना तेव्हापासून चिकटलं. २०११ मध्ये उर्सुलाबाईंना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. आज ‘ईडब्ल्यूएस’ ही त्यांची सहकारी संस्था देशभर वीज विकते.

श्योनाऊमध्ये ‘बघण्यासारखं’ फारसं काही नाही, हे आधीच सांगून ठेवते. पवनचक्क्यांचं रान नाही, मोठ्या टाक्या नाहीत. तासाभरात गाव फिरून होतं. मग बेल्खनच्या डोंगरावर जा, त्यासाठी चांगले बूट घ्या, वर मे महिन्यातही गारठा असतो.

मला बघायचं होतं ते मात्र टेकाडावर होतं. इथल्या प्रोटेस्टंट चर्चच्या छपरावर १९९९ पासून सौर पॅनेल आहेत. संध्याकाळी तिथे एक वयस्कर गृहस्थ बाकावर बसले होते. दादाने त्यांना विचारलं, तुम्ही मतदानात कोणत्या बाजूला होतात? ते म्हणाले, ‘दोन्ही वेळा विरोधात. माझा भाऊ बाजूने होता. आम्ही वर्षभर बोललो नाही.’ मग आता वीज कुणाकडून घेता? त्यांनी खाली गावाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, ‘आमच्याकडूनच.’

झेलकडे जाणारी शेवटची बस संध्याकाळी लवकर सुटते. वेळापत्रकाचा फोटो उतरल्या उतरल्या काढून ठेवा. आम्ही त्या बाकावर उठावंसं न वाटून बसून राहिलो आणि खाली पळत आलो तेव्हा चालकाने दार उघडं ठेवलं होतं.