पहिले असा पाऊस पडे का जी?

मी शाळेत भूगोल शिकवतो. त्यामुळे पावसाळा लागला की पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, कुठंही हा प्रश्न येतोच: "सर, पहिले असा पाऊस पडे का जी?" तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

पडे. आपल्याच नागपूर जिल्ह्यातलं, नरखेड तालुक्यातलं मोवाड आठवा. 30 जुलै 1991 ला वर्धा नदी गावात शिरली आणि 204 माणसं गेली. अख्खं गाव पुढे नव्या जागी वसवावं लागलं.

वादळांचंही तेच. 1970 च्या नोव्हेंबरात, आताच्या बांगलादेशात, भोला चक्रीवादळात किमान 3 लाख माणसं मेली. 1999 ला ओडिशात महाचक्रीवादळानं सुमारे 10 हजार बळी घेतले. त्याच ओडिशावर 2019 ला फनी आदळलं, तेव्हा मात्र बळी 64. फनी काही साधं वादळ नव्हतं. पण निवारे बांधून तयार होते, निरोप वेळेवर पोचला आणि 12 लाख लोक त्याआधीच हलवले गेले होते. मी वर्गात शिकवताना या आकड्यापाशी दरवर्षी थांबतो.

हवामान बदललंय, हे खरंच आहे. हवा 1 अंशानं तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, आणि मग थोड्या वेळात धो धो कोसळतो. पण नागपुरात मी आधी नदीकडे बघतो. नाग नदीचं पात्र आपण दोन्ही बाजूंनी आवळत आणलं. पाणी जाईल कुठं?

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदी घराघरांत शिरली. आत्याचं घर तळमजल्यावर. सकाळी पोचलो तर भिंतीवर माझ्या कमरेच्याही वर चिखलाची सरळ रेघ. फ्रिज तरंगत जाऊन दिवाणावर आडवा पडलेला. आत्या गच्चीवर लग्नाच्या अल्बमची पानं एकेक करून सोडवत होती. फोटो निघत होते, चेहऱ्यांचा रंग पलीकडच्या पानाला चिकटून राहत होता.

"कोणी सांगितलं नाही का गं?" मी विचारलं.

"कोण सांगणार? झोपेतून उठून पाय खाली टाकला, तेव्हा कळलं."

आता पाऊस लागला की ती रात्रीतून दोन-तीनदा उठते, टॉर्च घेऊन फाटकापर्यंत जाते आणि पाणी कुठवर आलंय ते बघून येते.