फोटोवरून जुनी विमानं ओळखणं: सध्या कुठवर आलंय

मागच्या अपडेटनंतर पेंडिंग फोल्डर, म्हणजे अजून न ओळखलेल्या विमानांचे फोटो, बऱ्यापैकी हलका झालाय, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे मी अख्खं विमान बघणं बंद केलंय. आकारावरून ओळखायला गेलं की दोन महायुद्धांमधलं कुठलंही बायप्लेन (एकावर एक दोन पंखांचं विमान) कुठल्याही बायप्लेनसारखंच दिसतं, आणि मग मनात आधीच धरलेलं नाव फोटोत दिसायला लागतं. आता क्रम असा, आधी इंजिन, मग स्ट्रट (पंखांना आधार देणाऱ्या दांड्या), मग शेपूट आणि रजिस्ट्रेशन (विमानावर रंगवलेली नोंदणीची अक्षरं किंवा नंबर) सगळ्यात शेवटी. वाचता येत असलं तरी शेवटी, कारण अक्षरं बदलतात. युंकर्स जी ३८ या जर्मन विमानाचंच बघा ना, फक्त दोन बनली, त्यातलं पहिलं आधी डी-२००० होतं आणि १९३४ ला जर्मनीने नंबर काढून अक्षरं आणली तेव्हा तेच डी-एझेडयूआर झालं. अर्थात फोटोची तारीख काढायला याच्याइतकं सोपं काही नाही. हॉलंडचं एच-एन दिसलं की १९२९ च्या आसपासचं किंवा आधीचं, पीएच दिसलं की नंतरचं.

इंजिनावर सध्या सगळ्यात जास्त वेळ जातोय आणि तो वसूलही होतोय. एका ओळीचं फोर-स्ट्रोक रेडियल (सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोलाकार लावलेलं इंजिन) असेल तर सिलिंडर विषमच असणार, त्यामुळे अर्धंच नाक दिसत असलं तरी मोजता येतं. ५ असतील तर जेनेट किंवा किनर, ७ ला लिंक्स किंवा वॉर्नर स्कॅरब, ९ ला राइट व्हर्लविंड वगैरे, म्हणजे शक्यता एकदम कमी होतात. इनलाइन (सिलिंडर एकामागे एक रांगेत) असेल तर मी फक्त प्रॉपेलरचा मध्य किती उंचीवर आहे ते बघतो. डी हॅव्हिलँड मॉथ काही दुर्मिळ नाही, पण त्याचे उपप्रकार डोकं खातात. त्यातलं जिप्सी वन हे उभं इंजिन, म्हणून प्रॉपेलर खाली आणि सिलिंडरची डोकी कॉकपिटच्या पुढे वर आलेली. जिप्सी थ्री उलटं टांगलेलं, म्हणून प्रॉपेलर वर आणि नाकाची वरची रेघ साफ. शेपूट कापलेल्या फोटोतही एवढं पुरतं.

आता यावेळचा खरा आनंद. एक बाजूने काढलेला, धुरकट फोटो बरेच दिवस पडून होता, लांबट बॉडी, खिडक्या, वर पंख, आणि नाकावर इंजिनच नाही! इंजिन दिसतंय ते वर, पंखाच्या पातळीवर, आणि मागच्या टोकालाही एक प्रॉपेलर. झूम करून बसलो तेव्हा खिडक्यांतून पलीकडे आभाळ दिसायच्या जागी अजून एक काळी भिंत दिसली, म्हणजे पलीकडे दुसरी बॉडी आहे. तिथे ट्यूब पेटली, ब्लेरिओ १२५. १९३० च्या पॅरिस सलोन या विमान प्रदर्शनात मांडलेलं, १९३१ मध्ये उडालेलं, दोन बॉड्यांमध्ये मिळून १२ प्रवासी आणि मधल्या नॅसेलमध्ये (इंजिनाच्या कवचात) दोन्ही टोकांना इंजिन, मध्ये क्रू. एकच बनलं आणि त्याला सर्टिफिकेट काही मिळालं नाही. प्रवाशांना इंजिनापासून लांब बसवायची आयडिया मला तरी आवडते, बाकी त्याच्या देखण्या असण्याबद्दल न बोललेलं बरं.

रंगांबद्दल एक गोष्ट नवीन लोकांसाठी. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक कृष्णधवल फिल्म लाल रंगाला जवळपास आंधळी, आणि निळा तिच्यावर फिका येतो. पिवळाही बराच गडद दिसतो, त्यामुळे पिवळं ट्रेनर विमान काळपट दिसलं म्हणून दचकू नका. ब्रिटिश राउंडेलमध्ये (लष्करी विमानांवरच्या गोल रंगीत चिन्हात) लाल मध्यभागी, म्हणून अशा फोटोत मधला ठिपका गडद आणि बाहेरचं निळं वर्तुळ विरून गेलेलं. फ्रेंच राउंडेलमध्ये बरोबर उलट, बाहेरची कडा गडद. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धे वाद मिटतात.

आणि प्लीज, कालिनिन के-७ या अवाढव्य सोव्हिएत विमानाचे ते तोफा लावलेले फोटो पाठवणं थांबवा. ते कॉम्प्युटरवर बनवलेत. खरं विमान १९३३ चं, ७ इंजिनांचं, त्याचे खरे फोटो तसेही पुरेसे विचित्र आहेत.

सध्या अडकलेला फोटो म्हणजे हाय-विंग मोनोप्लेन (बॉडीच्या वर एकच पंख), ५ सिलिंडरचं रेडियल, स्ट्रट मात्र पंखासारखे रुंद. रुंद स्ट्रट म्हटलं की सगळे बेलांका कंपनीचं विमान म्हणणार, मीही तिथूनच सुरुवात केली, पण फिनची (शेपटीवरच्या उभ्या पात्याची) गोलाई जुळत नाही आणि चाकांच्या मधला आस सलग दिसतोय. पुढच्या आठवड्यात शेजारी उभ्या माणसाच्या उंचीवरून पंखाची लांबी काढून बघणार आहे. तो विमानापेक्षा कॅमेऱ्याच्या थोडा जवळ उभा आहे, म्हणजे माप जरा कमीच येईल, तेवढं धरून चालू. तोवर कोणाला असे स्ट्रट आणि सलग आस एकत्र कुठे दिसले असतील तर सांगा.