आमची वाटचाल: तीन हजार फ्रेम, चौदा गट

लग्नाचे फोटो काढतात फोटोग्राफर. आमच्याकडे येतं ते त्यांचं मेमरी कार्ड. रंग जुळवायचे, अल्बमची शीटं लावायची आणि फायली लॅबला पाठवायच्या, एवढाच आमचा धंदा.

सुरुवात फोटोशॉपच्या अ‍ॅक्शनवर झाली. एका फोटोवर लेव्हल्स, कर्व्हज (दोन्ही उजेड-सावलीसाठी), सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा), शार्पन करायचं, त्या पायऱ्या नोंदवायच्या आणि ऑटोमेटमधल्या बॅचला अख्खा फोल्डर दाखवायचा. चहा होईपर्यंत चारशे फोटो तयार, त्यातले निम्मे बिघडलेले. कारण अ‍ॅक्शन फोटो बघत नाही, आकडे लावते. सकाळच्या सावलीतल्या फोटोला शोभणारा कर्व्ह रिसेप्शनच्या फ्लॅशवर बसला की कपाळ पांढरं फटक. आणि जेपेगमध्ये एकदा उडालेलं कपाळ परत येत नाही.

अ‍ॅक्शन आजही वापरतो, पण शीटं तयार झाल्यावर, शार्पन आणि सेव्हपुरती. तिथे दोन खोड्या सांभाळायच्या. नोंदवताना सेव्ह अ‍ॅजमध्ये फाइलचं नाव टाइप झालं, तर प्रत्येक फोटो त्याच नावाने आधीच्यावर बसतो आणि शेवटी एकच उरतो. म्हणून बॅचच्या खिडकीत ‘ओव्हरराइड अ‍ॅक्शन सेव्ह अ‍ॅज कमांड्स’ वर खूण हवीच. दुसरी खोडी लेयरच्या नावाची. नोंदवताना ‘बॅकग्राउंड’ लेयरवर क्लिक केलं असेल आणि पुढच्या फाइलीत त्या नावाचा लेयर नसेल, तर गाडी तिथेच अडते.

लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती २००७ची, आम्ही बऱ्याच उशिरा तिकडे वळलो. मूळ फाइलला हात लागत नाही, सूचना फक्त कॅटलॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत राहतात; त्यामुळे तोच बदल चुकून दोनदा लावला तरी एकावर एक चढत नाही. पण पहिल्यांदा तिथेही आम्ही जुनीच चूक केली: एक प्रीसेट (ठरवून ठेवलेले आकडे) आणि सगळं लग्न. काम बसलं ते उजेडाप्रमाणे गट पाडायला लागल्यावर. दोन कॅमेऱ्यांच्या तीन हजार फ्रेमचे साधारण चौदा गट होतात. अंगणातली हळद वेगळी, तीच हळद छताखाली आली की वेगळी.

गट पाडण्याआधी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवतो. अंतरपाट बाजूला होतो तो क्षण बहुतेक दोन्हीकडे सापडतो. दुसऱ्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो निवडायचे, त्या क्षणाची फ्रेम मुख्य ठेवायची आणि ‘एडिट कॅप्चर टाइम’मध्ये तिला पहिल्या कॅमेऱ्याची वेळ द्यायची. बाकीचे तेवढ्याच फरकाने सरकतात. मग प्रत्येक कॅमेऱ्याला त्याचं प्रोफाइल, म्हणजे तो रंग कसे टिपतो त्याची नोंद. वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे असतील तर सारख्याच केल्विनला (उजेडाच्या रंगाचा आकडा) शालूचा रंग वेगळा दिसतो. २४ चौकोनांच्या रंगपट्टीचा फोटो मिळाला तर प्रत्येकाचं स्वतंत्र प्रोफाइल बनवता येतं.

प्रत्येक गटात एक मुख्य फोटो ठरतो. हळदीतच खरी गोची आहे. समोर इतकं पिवळं असतं की ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरा कोणता ते कॅमेऱ्याने आपणच ठरवणं) त्याची भरपाई करायला निळ्याकडे जातो. जवळच्या फ्रेमला एक आकडा, लांबच्या फ्रेमला दुसरा. म्हणून रंग उचलणारा ड्रॉपर ग्रे कार्डवर (फोटोत धरलेला राखाडी पुठ्ठा), नाहीतर पांढऱ्या सदऱ्याच्या न उडालेल्या भागावर लावायचा आणि येणारा केल्विन आकडा गटभर द्यायचा. सिंकमध्ये (मुख्य फोटोचे बदल गटातल्या बाकीच्यांवर उतरवताना) ‘अ‍ॅज शॉट’ (कॅमेऱ्याने धरलेला आकडा) राहिलं तर प्रत्येक फोटो आपापला जुना आकडाच धरून बसतो, सिंक केलं काय नि न केलं काय. हळदीचा पिवळा चेहऱ्यावर फार वाटला तर यलो सॅच्युरेशन दहाएकच कमी करतो. त्यापुढे गेलं की झेंडू मलूल आणि आंब्याची पानं राखाडी, कारण पानांच्या हिरव्यात पिवळा बराच असतो.

सिंकच्या चौकटीत क्रॉप, हीलिंग (डाग पुसणं) आणि मास्किंगवरची (फोटोच्या एका भागापुरता बदल) खूण काढायची. नाहीतर नवरीच्या गालावरच्या पुटकुळीचा डाग मामांच्या चष्म्यावर जाऊन बसतो. ऑटो सिंक चालू राहिलं आणि मागे दोनशे फोटो निवडलेले असले तर त्याहून वाईट. म्हणून ते आमच्याकडे कायम बंद.

एक्स्पोजरला ‘मॅच टोटल एक्स्पोजर्स’ कामाचं आहे. शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ बघून ते उजेड समान करतं. फ्लॅशची ताकद त्याला कळत नाही, म्हणून रिसेप्शनला वापरत नाही. एलईडी दिव्यांच्या लुकलुकण्यापुढे तर सिंकचाही इलाज नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० पेक्षा वेगवान असेल तर लागोपाठच्या दोन फ्रेमचा रंग वेगळा येतो, कधी पट्टेही. ते फोटो एकेक करूनच सुधारावे लागतात आणि त्याचा दर वेगळा.

शेवटी ग्रिडमध्ये गट लहान करून बघतो. वेगळा रंग मोठ्या फोटोत लपतो, ओळीत लगेच डोळ्यात खुपतो. लॅबला फायली एसआरजीबीमध्ये (रंगांची ठरलेली मोजपट्टी), १२ बाय ३६ इंचाच्या शीटला ३६०० बाय १०८०० पिक्सेल. प्रिंट काळपट आली तर आधी आपल्या मॉनिटरचा ब्राइटनेस तपासा. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

काम पाठवणाऱ्यांकडून आम्हाला तीन गोष्टी हव्यात: रॉ फायली (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या), प्रत्येक नव्या उजेडात ग्रे कार्डची एक फ्रेम आणि दोन्ही कॅमेऱ्यांची मूळ फोल्डरं, नावं न बदलता.