कर्क्युमिनला रवा धरू द्या

कर्क्युमिन म्हणजे हळदीतलं पिवळं रंगद्रव्य. ते स्फटिकीकरणाने ९९ टक्क्यांपर्यंत शुद्ध कसं करायचं ते पाहू. 'कर्क्युमिन ९५ टक्के' असं लेबल लावलेल्या केशरी पावडरीत कर्क्युमिन ९५ टक्के नसतं. ९५ हा आकडा तीन भावंडांची बेरीज आहे. त्यात कर्क्युमिन साधारण ७० ते ८० टक्के, डीमिथॉक्सी-कर्क्युमिन १५ ते २० टक्के आणि बिसडीमिथॉक्सी-कर्क्युमिन तीन ते सहा टक्के. पुढे दोघांना डीएमसी आणि बीडीएमसी म्हणू. कर्क्युमिनचा रेणुभार ३६८. एक मिथॉक्सी गट कमी झाला की ३३८, दोन्ही गेले की ३०८. एवढाच फरक असल्यामुळे रंगाचं शोषण मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरला हे वेगळे दिसत नाहीत, तिघांचंही शोषण ४२० नॅनोमीटरच्या आसपास असतं. त्यामुळे स्फटिकीकरण सुधारायचं असेल तर आधी एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक कॉलममधून वेगवेगळे काढून मोजणारी पद्धत, लागते. सी-१८ कॉलमवर बीडीएमसी आधी बाहेर येतं, मग डीएमसी, शेवटी कर्क्युमिन. नुसत्या रंगावर प्रक्रिया बसवायला गेलात तर सहा महिने काम करूनही काय सुधारलं ते कळणार नाही.

हळदीचा अ‍ॅसिटोनमध्ये किंवा इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये अर्क काढून द्रावक उडवला की घट्ट, चिकट ओलिओरेझिन उरतं. त्यातलं टर्मेरोनवालं, म्हणजे हळदीचं सुगंधी, तेल हा पहिला शत्रू. तेल राहिलं तर स्फटिक सुटे होत नाहीत, तळाला चिखलासारखा गोळा बसतो आणि फिल्टरचं कापड दहा मिनिटांत बंद पडतं. कर्क्युमिनॉइड्स, म्हणजे ही तिन्ही भावंडं, हेक्झेनमध्ये जवळपास विरघळत नाहीत, तेल विरघळतं. म्हणून ओलिओरेझिन तिप्पट-चौपट हेक्झेनमध्ये खोलीच्या तापमानाला अर्धा तास ढवळायचं, वरचं हेक्झेन काढून टाकायचं आणि हेच पुन्हा एकदा करायचं. दुसऱ्या धुण्याचं हेक्झेन काचेवर थेंबभर सुकवून बघा. तेलकट डाग राहिला तर तिसरं धुणं लागेल. हेक्झेनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, शून्याच्या खूप खाली आहे आणि ओतताना स्थिर वीज तयार होते, तेव्हा भांड्यांना अर्थिंग हवंच.

पुढच्या पायरीला आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए, सोयीचं. इथेनॉलही चालतं, पण उत्पादन शुल्क खात्याचे परवाने सांभाळण्यापेक्षा आयपीए बरं. किती आयपीए घ्यायचं याचा आकडा पुस्तकातून उचलू नका, कारण पुस्तकातला आकडा शुद्ध कर्क्युमिनचा असतो आणि तुमच्याकडे तिघांचं मिश्रण असतं. २५, ४०, ५० आणि ६० अंशांना जास्तीचा माल टाकून दिवसभर ढवळा, गरम केलेल्या सिरिंजने ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून पाच मिली काढा, सुकवून वजन करा. दहा अंशालाही एक मोजमाप घ्या. समजा ६० अंशाला लिटरमागे २५ ग्रॅम आणि १० अंशाला ५ ग्रॅम निघाले, तर एका फेरीत जास्तीत जास्त ८० टक्के माल हाती येईल. शंभर ग्रॅमला चार लिटर आयपीए. द्रावक फार लागतो ही तक्रार खरी आहे, पण कमी द्रावकात कोंबून केलेला माल पुन्हा विरघळवावाच लागतो.

वापरून परत मिळवलेलं आयपीए असेल तर त्यातलं पाणी मोजा, कारण पाण्याने विद्राव्यता बदलते. आयपीए आणि पाणी यांचा अ‍ॅझिओट्रोप, म्हणजे एकत्रच उकळणारं मिश्रण, सुमारे ८० अंशांना उकळतो आणि त्यात १२ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. साध्या डिस्टिलेशनने ते पाणी निघत नाही. 'काल जमलं, आज जमत नाही' अशा बॅचमागे बरेचदा हेच निघतं.

आता मुख्य गोष्ट. ७० अंशाला सगळं विरघळवून गरम असतानाच गाळा. फिल्टर आधी गरम केला नाही तर माल जाळीवरच बसेल. मग जॅकेटमध्ये, म्हणजे भांड्याच्या दुहेरी भिंतीत, थंड पाणी सोडून मोकळं होण्याचा मोह होतो. नेमकं तेव्हाच सगळं बिघडतं. कर्क्युमिन आयपीएमध्ये आळशी आहे. विद्राव्यतेची रेषा ओलांडली तरी बराच वेळ स्फटिक दिसत नाहीत, आणि डीएमसी-बीडीएमसी तो आळस आणखी वाढवतात. थंड होत जातं, काहीच घडत नाही, आणि मग एकदम सगळं ढगासारखं कोसळतं. असे बारीक स्फटिक मळी पोटात घेऊनच जन्मतात. घरी तूप कढवून झाल्यावर भांडं गार पाण्यात ठेवलं तर ते गुळगुळीत थिजतं, हळूहळू निवू दिलं तर रवाळ होतं. इथेही रवा धरायला वेळ द्यावा लागतो.

त्यासाठी बी, म्हणजे तयार स्फटिकांची पूड, टाका. आधीच्या चांगल्या बॅचचा माल खलून, चाळून ४० मायक्रॉनच्या आसपास घ्या. विरघळलेल्या मालाच्या एक टक्का, म्हणजे शंभर ग्रॅमला एक ग्रॅम. कोरडं टाकलं तर गुठळ्या तरंगतात; थोड्या थंड आयपीएमध्ये कालवून ५८ अंशाला, म्हणजे संपृक्ततेच्या दोन अंश खाली, टाका आणि एक तास तापमान हलवू नका. बी विरघळून गेलं तर द्रावण अजून संपृक्त झालेलं नाही. एक अंश उतरा आणि पुन्हा टाका.

नंतरचे आठ तास सरळ रेषेत थंड करायचे नाहीत. सुरुवातीला स्फटिकांचा पृष्ठभाग कमी असतो, म्हणून वेगही कमी. घन-वक्र (वेळेच्या घनाच्या प्रमाणात तापमान उतरवणं) धरला तर ५८ पासून १० अंशांपर्यंतच्या प्रवासात चार तासांनी तुम्ही ५२ वर असाल, सहा तासांनी ३८ वर, आणि उरलेले २८ अंश शेवटच्या दोन तासांत. चिलरला तेवढी ताकद नसेल तर शेवट लांबवा, सुरुवात आखडू नका. जॅकेटचं पाणी आतल्या द्रावणापेक्षा दहा अंशांहून जास्त थंड ठेवलं तर भिंतीवर पापुद्रा धरतो आणि आतलं तापमान खोटं वाटू लागतं.

सूक्ष्मदर्शकाखाली बघा. ४० मायक्रॉनचं एक टक्का बी ८० ग्रॅम माल अंगावर घेऊन वाढलं तर घनमुळाच्या हिशेबाने सव्वाचार पट, म्हणजे १७० मायक्रॉनच्या आसपास व्हायला हवं. स्फटिक लांबट असतात, त्यामुळे हिशेब ढोबळच. पण मोठ्यांच्या मध्ये २० मायक्रॉनच्या सुयांची गर्दी दिसली तर बीशिवाय नवे स्फटिक जन्मलेत: थंड करणं जलद झालंय किंवा ढवळणं जास्त.

८० ग्रॅमच्या केकमध्ये, म्हणजे फिल्टरवर साठलेल्या मालात, गाळल्यावरही ६० मिली मदर लिकर, म्हणजे स्फटिक निघाल्यावर उरलेलं द्रावण, राहिलं आणि त्यात लिटरमागे ४ ग्रॅम अशुद्धी असेल, तर ०.२४ ग्रॅम, म्हणजे ०.३ टक्के अशुद्धी नुसत्या ओलाव्यातून मालात शिरते. ९९ टक्के गाठायचे तर सूट एकाच टक्क्याची असते. तिचा जवळपास तिसरा हिस्सा इथेच गेला. म्हणून ५ ते १० अंशांचं थंड आयपीए केकच्या वजनाइतकं घेऊन दोनदा धुवा, तेही केकला भेगा पडण्याआधी. भेगा पडल्या की धुण्याचं आयपीए त्यातूनच निसटतं.

एका फेरीत बीडीएमसी बऱ्यापैकी निघतं. डीएमसी चिवट, ते शेवटपर्यंत मागे राहतं. तीन फेऱ्या केल्या तर ८० टक्क्यांचे ५१ होतात. तोटा भरून काढायचा तर तिसऱ्या फेरीचं मदर लिकर पुढच्या बॅचच्या दुसऱ्या फेरीला वापरा आणि दुसरीचं पहिलीला. पहिलीचं मात्र बाहेर काढा, नाहीतर बीडीएमसी साचत जाऊन आळस दिवसेंदिवस वाढतो. ते आटवून कर्क्युमिनॉइड मिश्रण म्हणून वेगळं विकता येतं.

रिअ‍ॅक्टर कॉस्टिकने (कॉस्टिक सोडा, म्हणजे अल्कली) धुतला असेल तर शेवटचं पाणी पीएच कागदावर तपासा. अल्कली उरली तर माल लाल पडतो. हळद आणि चुना मिळून कुंकू होतं तोच हा लालपणा, आणि अल्कलीत कर्क्युमिन मिनिटांत तुटू लागतं. लोखंडाचं भांडंही नको, कर्क्युमिन लोहाला धरतं आणि रंग काळवंडतो. ३१६ स्टील किंवा काचेचं अस्तर वापरा. सुकवणी ६० अंशांना, व्हॅक्यूममध्ये, उजेडापासून दूर. खाद्यरंगासाठी आयपीएची मर्यादा किलोमागे ५० मिलिग्रॅम आहे. गुठळ्या न फोडता सुकवलं तर आत अडकलेलं आयपीए दोन दिवसांतही निघत नाही.

आणि ९९ टक्के गाठल्यावर एक गमतीशीर अडचण उभी राहते. कृत्रिम कर्क्युमिनमध्येही डीएमसी-बीडीएमसी नसतात, त्यामुळे तुमचा स्वच्छ क्रोमॅटोग्राम पाहून खरेदीदाराला शंका येते. माल पाठवताना तो वनस्पतीतून आलाय की पेट्रोलियमपासून बनलाय हे सांगणारा कार्बन-१४ चा अहवाल आणि पहिल्या फेरीआधीच्या ओलिओरेझिनचा क्रोमॅटोग्राम दोन्ही सोबत जोडा.