तुम्ही विचारलंत म्हणून : आईच्या गळ्यातले दोन मणी

आमच्या बैठकीत आईचा एक फोटो आहे. गणवेश, स्कार्फ, आणि त्यावर चामड्याच्या दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, हे काय आहे? गॅस सिलिंडर घेऊन येणाऱ्यानंही विचारलंय. माझ्या मोठ्या मामीनं तर थेट आईलाच गाठलं, "काय वं, कोनाचा गंडा बांधला?" शेजारच्या काकांना वाटलं, आई माळकरी झाली. तशी ती माळकरी होणं अवघडच. तर्री पोह्यांशिवाय तिचा रविवार सुरू होत नाही, आणि सावजी मटणाबद्दल न बोललेलं बरं.

ते मणी हिमालय वुड बॅजचे आहेत. स्काऊट-गाईडची पथकं चालवणाऱ्या मोठ्या माणसांचं जे प्रशिक्षण असतं, त्याची ही वरची पायरी. आधी बेसिक, मग अॅडव्हान्स, मधल्या काळात आपल्या शाळेत पथक खरंच चालवून दाखवायचं, मग हे.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गाईडचं पथक घ्यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून ते तिच्या गळ्यात पडलं. मणी नंतर आले.

मण्यांची गोष्ट लंडनजवळच्या गिलवेल पार्कात सुरू होते. १९१९ च्या सप्टेंबरात तिथं स्काऊटमास्तरांचा पहिला वर्ग भरला. तो पुरा करणाऱ्यांना द्यायला काहीतरी हवं होतं, तेव्हा स्काऊट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलनं आपल्याकडची एक जुनी माळ काढली आणि तिचे मणी वाटले. ती माळ दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूंचा राजा दिनिझुलू याची, असं सांगतात. बेडन-पॉवेल १८८८ मध्ये झुलूलँडच्या मोहिमेवर होता. माळ त्याला कुणी दिली की त्यानं उचलून आणली, याच्या एकाहून जास्त कहाण्या आहेत. मला उचलून आणल्याचीच खरी वाटते. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "माझे मणी तर नवेच कोरलेले आहेत ना?" विषय संपला. दोन मणी म्हणजे वुड बॅज, आणि पुढे प्रशिक्षण देणारे झालात की तीन, मग चार.

आईचा वर्ग पचमढीला होता. आमच्या वऱ्हाडात पचमढी म्हटलं की महादेव. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारची यात्रा असते, चौरागडावर नवसाचे त्रिशूळ वाहतात. आजी त्या यात्रेला दोनदा जाऊन आलेली. आई पचमढीला निघाली म्हटल्यावर आजीनं विचारलं, "कोनता नवस होता?" आई म्हणाली, "शासनाचा." बाबांनी तिला पिपरियाच्या गाडीत बसवून दिलं आणि घरी येऊन मला म्हणाले, पंचवीस वर्षांत ही पहिल्यांदा एकटी चाललीय. हे त्यांनी कधी मोजलं होतं, देव जाणे.

तिथं जाऊन काय केलं, तर एक्कावन्न वर्षांची ही बाई पुन्हा पाचवीतली पोर झाली. या प्रशिक्षणाची रीतच तशी आहे. भाषणं कमी; मोठ्यांनीच पट्रोलमध्ये, म्हणजे पथकातल्या छोट्या तुकडीत राहायचं, तंबू ठोकायचा, बांबू-सुतळीनं भांड्यांची मांडणी बांधायची, सकाळी तपासणीला उभं राहायचं. पट्रोल लीडर रोज बदलतो. एके दिवशी सव्वीस वर्षांची एक पोरगी तिची लीडर होती आणि आईचा टॉवेल तंबूच्या दोरीवर लटकत राहिल्यानं अख्ख्या पट्रोलचे गुण कापले गेले. वर्गातल्या पोरींना याच कारणासाठी उभं करणाऱ्या बाईला त्या रात्री झोप लागली नाही. हे तिनं मला फोनवर सांगितलं, बाबांना सांगू नको असं बजावून. (बाबा, आता कळलंच.)

गाठींत मात्र ती भाव खाऊन गेली. ‘क्लोव्ह हिच’ नावाची गाठ शिकवायला लागले तर आई म्हणाली, ही तर आमची बैल खुंट्याला बांधायची गाठ. भांड्याशिवाय स्वयंपाकाच्या दिवशी बाकीचे बटाटे निखाऱ्यात काळे करत असताना तिनं पळसाच्या पानांत पानगे लावले. परीक्षकांनी दोनदा चव घेतली. दुसऱ्यांदा कशासाठी, हे गुणपत्रिकेत लिहिलेलं नाही.

काही महिन्यांनी पार्चमेंट, म्हणजे प्रमाणपत्र आलं, मणी आले, गिलवेलचा स्कार्फ आला. त्याच्या टोकाला चौकड्यांच्या कापडाचा तुकडा असतो. गिलवेलची जागा घ्यायला ज्या मॅक्लॅरेननं पैसे दिले, त्याच्या घराण्याचं ते कापड. आईनं स्काऊटच्या रिवाजाप्रमाणे बाबांशी डाव्या हातानं हस्तांदोलन केलं. बाबा गडबडले. आमच्याकडे डाव्या हातानं प्रसादही घेत नाहीत.

मग घरात सत्कार ठरला. शाल आली, नारळ आला, दोन्ही आत्यांना आवतण गेलं. जेवायला पुरणपोळी, आणि ती करणार कोण, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. सकाळी आई गणवेश घालून बाहेर आली आणि फ्रिजवर एक कागद चिकटवला. पाणी – दादा. पुरण वाटणं – माझं नाव. भांडी – बाबा. तपासणी – साडेअकरा वाजता. खाली सही.

बाबांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. म्हणाले, "आणि आमच्या पट्रोलचं नाव?"

गाईडच्या पट्रोलला फुलाचं नाव देतात. आईनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं.

"जास्वंद," ती म्हणाली, "आणि तो टॉवेल दोरीवरून काढा."